पाखरं राखणारा

लेह, जून २००३

आबा, लांबूनच पाया पडतो.

ज्वारीत गोफण उगारली आणि कणसावरच्या लाल डोक्याच्या पाखराकडं बघतच राहिलो, त्या सकाळीच माझं कॉलेज सुटलं. ते पाखरू उन्हाळ्यात इथं घरटं करतं. इथल्या एका फोटोग्राफर साहेबांकडं त्याचे फोटो काढायला शिकतोय. पहिल्या दिवशी सवयीनं "हाऽऽ हा!" ओरडलो, पाखरं उडाली, साहेब डोकं धरून बसले.

पहाटेच्या थंडीनं बोटं फुटलीत, आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

गेणबामामा म्हणाले म्हणं, "पाखरं राखणाऱ्याला रुपाली देत न्हाई." त्यांना सांगा, तुम्ही हाकलण्याला राखणं म्हणता, खरं राखणं मी इथं करतोय. लग्न रुपालीशीच करणार. विचारत नाही, कळवतोय. तिलाही तसंच लिहिलंय.

दोन्ही पत्रं टाकायला आत्ताच निघतो. दार लावतोय.

तुमचाच,
शंभू