ऑनलाइनला देश नसतो

११ जानेवारी, शनिवार

केक कापून झाल्यावर सुबोधने टीव्हीला लॅपटॉप जोडला. मला वाटलं, फोटो दाखवतोय. लग्नाला सोळा वर्षं झाली, दाखवेल चार जुने फोटो. तर पडद्यावर निळ्या कपड्यांतली एक नर्स — दात कसले पांढरे! — आणि खाली ठळक अक्षरांत, प्रॅक्टिकल नर्सची रजिस्टर्ड नर्स व्हा, शंभर टक्के ऑनलाइन.

"हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी! पहिल्या दोन विषयांना तुझं नाव घातलंय. आता माघार नाही!"

टाळ्या. माझ्या मैत्रिणीने, शलाकाने तर शिट्टी मारली. एकटी ऋजुता डोळे बारीक करून बघत होती. नेहमीसारखं डचमध्येच विचारलंन, बाबा, हे अमेरिकेतलं आहे ना? चौदा वर्षांच्या पोरीला एका नजरेत दिसलं!

सुबोध म्हणाला, "ऑनलाइनला देश नसतो, पिल्लू."

मी हसले. पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार?

१२ जानेवारी, रविवार

सकाळी शांतपणे सगळं वाचलं. कॉलेज अमेरिकेतलं. परवाना मागतात तो अमेरिकेतला. प्रॅक्टिकल करायचं ते तिकडच्या हॉस्पिटलात. इथे त्या कोर्सची किंमत शून्य.

अकरा वर्षं या देशात राहून हा माणूस अजून इंग्रजीत गूगल करतो! मी रोज सकाळी सायकल हाणत ज्या वृद्धाश्रमात जाते तिथे मी कोण आहे, हे तरी त्याला ठाऊक आहे का? फरझॉर्गेंडे. नर्सच्या खालची पायरी. वरच्या पायरीवर जायला डच डिप्लोमा लागतो, मग बिग नावाच्या सरकारी रजिस्टरमध्ये नाव लागतं, तेव्हा कुठे इथे नर्स म्हणतात. हे मी त्याला जेवताना सांगितलंय, गाडीत सांगितलंय, भांडताना तर किती वेळा सांगितलंय. म्हणजे ऐकलंच नाही कधी. मान डोलवत होता नुसता.

सांगलीत आयसीयूला सहा वर्षं सिस्टर होते मी. डॉक्टर राउंडला आले की आधी मला विचारायचे, रात्र कशी गेली पेशंटची. तीन वर्षांची ऋजुता कडेवर घेऊन याच्या मागोमाग इथे आले आणि कळलं की मिरजेचा डिप्लोमा इथे धरत नाहीत. तेव्हा हा म्हणाला होता, "बघू गं, काहीतरी होईल." ते काहीतरी म्हणजे हे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ डब्यात घालून कामावर नेला. टीम लीडर विल्माला अमेरिकेची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की तीळ घशात अडकला. मग डोळे पुसत म्हणाली, पण तू खरंच कर की! इथलेही कोर्स आहेत ऑनलाइन. आठवड्याचे कामाचे तास इथेच भरायचे, प्रॅक्टिकलवर सही करायला मी आहे. आमच्याकडून यंदा एकालाच पाठवणार आहेत. फेब्रुवारीअखेर सांग.

एकालाच! आणि आधी मला विचारतेय. परत येताना वारा समोरून होता, तरी सायकल चालवायचा त्रास वाटला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन कोर्स काढले. तिन्हींच्या वेबसाइटवर एकच चित्र — सोनेरी केसांची नर्स आणि खळखळून हसणारा म्हातारा. आमच्याकडे असं कोणी हसत नाही. आमच्याकडे सकाळी सातला आंघोळीला उठवलं की शिव्या घालतात.

पहिला कोर्स 'तुमच्या वेगाने' शिका म्हणतो. माझा वेग मला माहीत आहे. घरात कोणालाही काहीही हवं असलं की तो शून्यावर येतो. दुसऱ्यात नुसते व्हिडिओ, प्रश्न विचारला की यंत्र उत्तर देतं. तिसरा उत्रेख्त शहरातल्या कॉलेजचा. आठवड्यातून दोन संध्याकाळी समोर खरी बाई शिकवणार, कॅमेरा चालू ठेवायचा, हजेरी घेणार. फोन केला तर माणसाने उचलला! माझं डच ऐकून ती बाई इंग्रजीत शिरली नाही, ओळखीची असल्यासारखी बोलत राहिली. सांगलीचं सांगितलं तर म्हणाली, मग तुम्हाला आमच्या निम्म्या गोष्टी येतच असतील.

कोणीतरी म्हणालं एकदाचं.

१९ जानेवारी, रविवार

सुबोधला सांगितलं. उत्रेख्त, सोमवार आणि गुरुवार संध्याकाळ, दोन वर्षांच्या वर.

"सोमवारी माझे अमेरिकेबरोबर कॉल असतात. जेवणाचं काय?"

जेवणाचं काय! चाळिशी उलटलेल्या माणसाला कुकर लावता येत नाही?

मग म्हणाला, "घाई काय आहे? यंदा थांब. सही-बिही काही करू नकोस. आणि तो कोर्स भरलाय तो कर ना तोपर्यंत. अ‍ॅनाटॉमी काय, सगळीकडे सारखीच."

मी म्हटलं, "अरे, तो चालत नाही इथे! चूक झाली म्हण ना सरळ. तेवढं एक वाक्य जड जातंय?"

उठून टेबल आवरलं. भांडीसुद्धा घासून ठेवली. चूक कबूल करायला आमच्याकडे तोंड नाही, भांडी आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

सुबोधने विचारलं, अ‍ॅनाटॉमीचा पहिला धडा उघडलास का. मी त्याच्या हातात कुकर दिला.

१ फेब्रुवारी, शनिवार

शलाकाकडे हळदीकुंकू. वीस बायका, सगळ्यांच्या पैठण्या, आणि पायांत लोकरी मोजे. वाण म्हणून ऑलिव्ह ऑइलच्या बाटल्या.

एक नवीन आलेली मुलगी, श्रुती, डेल्फ्टला पीएचडी करते. मला म्हणाली, "ताई, तुम्ही हेल्थकेअरमध्ये ना? सुबोधदादा म्हणाले." हेल्थकेअर! सोळा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला माझ्या कामाचं नाव लोकांत घेता येत नाही. म्हटलं, म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, त्यांचे डायपर बदलते, गोळ्या देते, मरायला टेकले की हात धरून बसते. श्रुतीचा चेहरा पडला. उगाच तिच्यावर काढलं. तिचा काय दोष?

मग ते सावरायला अमेरिकेची गोष्ट सांगितली. आता ती मला छान रंगवता येते — पांढरे दात, शिट्टी, ऑनलाइनला देश नसतो. बायका पोट धरून हसल्या. एवढ्यात सुबोध न्यायला आला, तर शलाका दारातूनच ओरडली, "या या, अमेरिकन जावई!" पुन्हा हशा. मला वाटलं हाही हसेल, चार कोट्या करेल, करतो एरवी. नाही केलं. कान लाल झाले त्याचे. बूट घालायला खाली वाकला तो वाकलेलाच राहिला.

शलाकाने निघताना माझ्या कानात सांगितलं होतं — "जास्त झालं हं. बिचाऱ्याने प्रेमानेच केलं होतं ना?"

प्रेमाने केलं म्हणजे चुकीचं बरोबर होतं का?

६ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर फिसरबाईंना दुपारपासून धाप. पाय सुजलेले, ओठ निळसर, उताणं झोपता येईना. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठतंय — सांगलीत हे रोज बघितलंय. डॉक्टरांना फोन लावला. सांगायला सुरुवात केली तर पलीकडून — तिथे नर्स आहे का? तिच्याकडे द्या फोन.

दिला. आमची नर्स डेमी तेवीस वर्षांची आहे. ती फोन कानाला लावून माझ्याकडे बघत राहिली. मी हळू आवाजात सांगत गेले, ती मोठ्याने बोलत गेली. माझीच वाक्यं, तिच्या तोंडून. डॉक्टर म्हणाले, छान निरीक्षण! डेमी बिचारी फोन ठेवून म्हणाली, सॉरी सुचेता. ती चांगली आहे. म्हणूनच जास्त झोंबलं. वाईट असती तर निदान चार शिव्या घालता आल्या असत्या.

फिसरबाईंना इंजेक्शन लागू पडलं. घरी येऊन पोळ्या लाटताना रडले. ऋजुताने बघितलं आणि टेबल मांडलं.

९ फेब्रुवारी, रविवार

अजबच. सुबोधने आज माझी मिरजेची मार्कशीट मागितली. दीनानाथ भाऊजी परवा मिरजेला जातायत म्हणे, कॉलेजातून सगळ्या वर्षांची ट्रान्सक्रिप्ट शिक्क्यासकट आणतील, मग नर्सिंग कौन्सिलचं पत्र. भावाला त्यानेच फोन करून सांगितलंय, माझ्या नकळत.

"कशाला रे?"

"लागतील. तुझा अनुभव वाया कशाला घालवायचा? सहा वर्षं आयसीयू केलंयस तू."

मी बघतच राहिले. सहा वर्षं — त्याला आकडा माहीत आहे! इतकी वर्षं मला वाटत होतं की हा मान डोलवतो नुसता. म्हणजे इथे पुन्हा मूल्यांकन करून घ्यायचं त्याच्या डोक्यात दिसतंय. तोंडाने चूक कबूल करणार नाही, पण मनातून खटपट चाललीय.

मी मात्र वीस बायकांत त्याची टिंगल केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तरी राग जात नाही पूर्ण. सुबोध स्वतःहून बोलेल म्हणून वाट बघतेय. तो लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत बसतो, दार लावून. ऋजुताच्या शाळेची पुढच्या वर्षीची सहल ठरतेय, बर्लिन, तर तिला म्हणाला, "आत्ताच हो म्हणू नकोस." ती चिडली. दोघींना थांबवायचं काम घेतलंय बहुतेक त्याने!

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्रेख्तची बाई फोन करून विचारत होती, ठरलं का? एप्रिलची तुकडी भरत आलीय. म्हटलं, ठरतंय. या वयात मी नवऱ्याची परवानगी मागत बसलेय हे तिला डचमध्ये सांगताच येईना. मराठीतही सांगायची लाज वाटली असती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विल्माला सांगितलं, यंदा नको. पुढच्या वर्षी.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलंन, नक्की? मग डेमीची मैत्रीण आहे तिसऱ्या मजल्यावर, तिला विचारते या आठवड्यात.

का केलं मी हे? उद्या स्वतःच विचारीन, म्हणून लिहून ठेवते. दीनानाथ भाऊजींनी कागद कुरिअरने पाठवले. सुबोधने ते स्वतः स्कॅन केले, एकेक पान सरळ करून. माझा एकविसाव्या वर्षीचा फोटो, दोन वेण्या, टोपी. तो फोटो बघत म्हणाला, "एक वर्ष दे मला, सुचू. फक्त एक वर्ष. तुझं नीट करतो या वेळी." सुचू किती दिवसांनी म्हणाला. सोळा वर्षांत मागून मागून एक वर्ष मागितलं, तर द्यावं असं वाटलं. इतके दिवस जिभेला धार लावून बसले होते, ती खाली ठेवली. हलकं वाटतंय. थोडं मूर्खासारखंही.

त्याला अजून सांगितलं नाही की विल्माला नाही म्हटलं. उद्या शिवरात्र, उपास. परवा जेवताना सांगते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सुबोध चुकला नव्हता.

ऑस्टिन, टेक्सास. कंपनी जुलैत तिकडे पाठवतेय आणि तो दिवाळीच्या आधीच हो म्हणून बसलाय. काल मी सांगितलं की यंदा थांबते, तर म्हणाला, "बरं झालं, आता सांगून टाकतो" — भात कालवता कालवता! "मागच्या वेळी तुझं करिअर बुडालं, म्हणून या वेळी आधी तुझ्या कोर्सचं बघितलं." दीड महिना मी हसत होते आणि तो गप्प बसत होता. मला वाटायचं, ओशाळलाय.

सकाळी विल्माला फोन केला. तिने अजून कोणाला विचारलं नव्हतं. मग उत्रेख्तच्या बाईला. एकच विचारलं, तुमचा डिप्लोमा अमेरिकेत चालतो का? ती वरमली. म्हणाली, नाही हो, तिकडे नाही चालत.

म्हटलं, मग घाला माझं नाव.