रुमालाखालची चाल

जयपूर

तीर्थरूप आबा,

हेमांगीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. अर्धांगाच्या झटक्यापासून तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहिते.

इथे मी मुलींना लॅक्रोस शिकवते. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा, गोल करायचा; गोलच्या मागूनही खेळता येतं. मी बाहेरून ओरडून चाल सांगायचे आणि समोरच्या पोरी ती आधीच अडवायच्या. वैतागले होते. मग सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवला, तोंडाने न बोलता रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव आठवले आणि तुमचं म्हणणं, ‘भाव तोंडघाई नही, बोटघाई सांगाना.’

आता खेळ थांबला की आमची कप्तान रुमालाखाली एकेकीचा हात धरते. दोन बोटं दाबली, तर दोघी पुढे पळून बचाव ओढून नेतात आणि गोलच्या मागे उभी असलेली मुलगी मोकळ्या राहिलेल्या तिसरीला चेंडू देते. काल असंच जिंकलो.

केळीला पाणी कोण देतं? आई नीट झोपते का? हेमकांत म्हणतो, तुमचा डावा हात चांगला चालतो. माझा भाऊ मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतो.

सारंगखेड्याच्या यात्रेला येतेय. बोलायचा त्रास घेऊ नका. रुमाल टाका आणि माझी बोटं दाबा, मला कळेल.

तुमची,
हेमांगी