रात्रभर थांबायचं असल्यास

वैशाली, गाझियाबाद
१२ एप्रिल २००८

प्रिय श्रीरंग,
अनेक आशीर्वाद.

अंत्यविधीच्या खर्चाचा अंदाज देणारं आमचं पान काल दुपारी इंटरनेटवर सुरू झालं. मी हल्ली ज्या कंपनीसाठी लिहिते, तिथल्या नीरजने स्वतः फोन करून सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द माझा आहे. हसू नकोस. पंचवीस वर्षं पेपरात डेडलाइन पाळलेल्या बाईला निवृत्तीनंतर हेच काम मिळायचं होतं!

इथल्या नव्या सोसायट्यांत लोक कुठून कुठून आलेले. घरातलं माणूस गेलं की सामान कुठे मिळतं, गाडी कोण पाठवतं, काहीच ठाऊक नसतं. म्हणून हे पान. नीरजने त्यासाठी त्यांच्याच लग्नखर्चाच्या पानाचा साचा उचलला होता. शेवटी तसंच राहिलेलं, ‘बधाई हो! आपका एस्टिमेट तैयार है.’ मी दाखवलं तेव्हा बिचारा डोकं धरून बसला.

पहिल्या प्रश्नावरून मात्र आमचं वाजलं.

“मैडम, पहले बजट पूछते हैं ना.”

“बिल्कुल नहीं. पहले पूछो, किसी का इंतज़ार करना है क्या?”

“उससे रेट पे क्या फ़र्क पड़ेगा?”

पडतो. रात्रभर थांबायचं असल्यास बर्फाची पेटी लागते. भाडं नऊशे रुपये. त्याखालची ओळ मी चारदा लिहिली: ‘आप रुक सकते हैं. कोई जल्दी नहीं है.’

श्रीरंग, बाबा गेले त्या सकाळी शेजारच्या कल्पनाताईंनी पेटीचं विचारलं होतं. हे तुला कुणी सांगितलेलं नाही. कामासाठी तू अमृतसरला होतास. फोनवर म्हणालास, “ताई, निघतोच आहे, सकाळपर्यंत थांब.” मी म्हटलं, एवढ्या उन्हात ठेवायची सोय नाही. सोय होती. तीन वर्षं बाबांचं सगळं मी एकटीने केलं आणि तू पानिपतहून दिवाळीपुरता यायचास, त्याचा राग होता. कल्पनाताईंना सांगितलं, कुणी यायचं राहिलेलं नाही. त्याच दुपारी चार वाजता हिंडन नदीच्या घाटावर अग्नी दिला. मुलीने दिला, याचं मला काही वाटत नाही. खोटं बोलले, याचं वाटतं.

तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. आजवर तुला अर्धंच ठाऊक होतं. आता सगळं कळल्यावर काय करायचं ते तू ठरव.

रविवारी, २७ तारखेला बाबांचं वर्षश्राद्ध आहे. गुरुजी दहाला येतील. भाऊ यायचा आहे, तो आल्याशिवाय काही सुरू करायचं नाही, असं त्यांना बजावलंय. “कब तक रुकेंगे?” असं ते विचारत होते.

मी म्हटलं, जब तक वो आए.

या वेळी थांबणारी,
अलकनंदाताई