पाऊण बाहीचा स्टेम

नाशिक, द्वारका
२० सप्टेंबर २००३

तीर्थरूप मोतीराममामा यांस,

भाचा ज्ञानेशचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक. मामींचा गुडघा कसा आहे? इगतपुरीत कपडे वाळायला लागले का, की आईने दिवाळीला दिलेला टॉवेल अजून ओलाच आहे?

मी कॉलेज सोडल्याचं कळलंच असेल. (सोडलं म्हणजे काय, सर म्हणाले, "पटत नसेल तर दार उघडं आहे," आणि दार खरंच उघडं होतं. माझा स्वभाव तुम्ही जाणताच.) तेव्हापासून देवरामशेठच्या सायकल दुकानात आहे. तिथे शुभांगी नावाचं एक गिऱ्हाईक येतं. (केवळ गिऱ्हाईक. ती आली की मी चाक उलटं बसवतो असं शेठ म्हणतात, पण वयोमानाने ते काहीही बोलतात.) दसरा झाला की नाशिक रोड ते इगतपुरी सायकल शर्यत आहे, त्यात ती उतरणार आहे. सायकल मात्र तिच्या भावाची, आणि भाऊ विजेच्या खांबाएवढा. हँडल गाठता गाठता तिची मान आखडते, तळव्यांना मुंग्या येतात. दोष सगळा स्टेमचा. स्टेम म्हणजे सायकलच्या मानेतून पुढे येऊन हँडल धरणारा लोखंडी हात. तो लांब आणि खाली असला की माणूस भात लावल्यासारखा ओणवा होतो. आखूड आणि उंच असला की खुर्चीत बसल्यासारखा. मी छातीठोकपणे म्हणालो, "अगदी तुझ्या मापाचा बसवून देतो."

माप तसं सोपं. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं, बोटं हँडलपर्यंत पोचली पाहिजेत. पण मामा, भर द्वारकेत मुलीला "हात पुढे कर" म्हणायचं कसं? त्याचा रीतसर मार्ग एकच, आणि त्याला भटजी लागतो. म्हणून डोकं लढवलं. तिचे ड्रेस धोंडीराम टेलर शिवतात. त्यांच्याकडून तिच्या बाहीचं माप आणलं. हात जरा लहान वाटला खरा, पण (नाजूक माणसांचं असतं तसं) असं म्हणून मुठीएवढा स्टेम शोधला आणि चांगला उंच चढवून दिला.

शुभांगी बसली ती थेट घोड्यावरच्या नवरदेवासारखी. पहिल्याच वळणावर गुडघा हँडलला अडकला आणि सायकल सुलाबाईंच्या झेंडूच्या ढिगात शिरली. (पलीकडे मिरच्या होत्या. देव आहे.) सुलाबाई ओरडल्या, "अगं, फुलं तोलून घेतात, लोळून नाय!" शुभांगी उठली, केसांतल्या पाकळ्या झटकल्या (दृश्य वाईट नव्हतं) आणि मला म्हणाली, "मला शर्यतीला जायचंय, वरातीला नाही!"

मी तडक टेलरकडे, गचांडी धरायच्या तयारीने. त्यांनी तोंडातली टाचणीसुद्धा काढली नाही. म्हणाले, "बाबा, पाऊण बाही आहे ती. पोरींची हल्ली तीच फॅशन. तू बाही विचारलीस, मी बाही सांगितली." आता फॅशनची गचांडी कुठे धरणार?

शेवटी शुभांगीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, माझा हात माझ्याजवळच असतो की. मला विचारायचंस." आणि सीटला कोपर टेकवून स्वतःच माप घेतलं. दोन मिनिटांचं काम. पण तेवढा स्टेम नाशकात मिळत नाही. तुम्ही रेल्वेतले, ड्युटीवर मुंबईला जाताच, तेव्हा येताना एक आणा. नाहीतर ती शर्यतीतून नाव काढून घेईल आणि दुकान बदलेल. (दुकानाचंच वाईट वाटतं.)

आपला आज्ञाधारक,
ज्ञानेश

ता. क. शर्यत तुमच्या दारावरून जाते. निळ्या सायकलवरची मुलगी जरा नीट बघून ठेवा. पसंत पडली तर बाबांकडे विषय तुम्हीच काढा. मी काढला की भांडण होतं.

ता. क. दुसरा. माप चुकायला नको म्हणून खाली शुभांगीच लिहील आणि पत्रही तीच पेटीत टाकील. वरचं वाचणार नाही असा तिने शब्द दिला आहे.

मामा, नमस्कार. माप नऊ सेंटिमीटर. मी नाजूक मुळीच नाही. आणि दारातून बघू नका, चढावर माझं तोंड टोमॅटोसारखं लाल होतं. शर्यत संपली की चहाला येईन, तेव्हा नीट बघा. विषय आमच्याकडे काढायचा तर आधी आईकडे काढा. ज्ञानेशला फक्त एवढं कळवा, की मी काही वाचलं नाही.
— शुभांगी