दोन वर्षं निघतील

बाबा, आज सकाळी तुमचा नातू मोरीजवळ उकिडवा बसून बूट धूत होता. उठला तेव्हा त्याचा उजवा गुडघा वाजला. कसला आवाज, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही असता तर हातातला चहाचा कप खाली ठेवला असता. मी तांदळाचं पीठ मळत होते, ती मळतच राहिले. मग बघते तर पाणी जास्त पडून पिठाचा पार चिखल झालेला.

मुरबाडच्या कारखान्यात तुम्ही सुपरवायझर होतात, पण त्या नावानं तुम्हाला कुणी ओळखलं नाही. तुम्ही कारखान्याच्या कबड्डी संघाचे वस्ताद. दरवर्षी कॉलेजांचे सामने संपले की स्कूटर काढून शहापूर, किन्हवली, मुरबाड अशी मैदानं पालथी घालायचात आणि एखाद-दुसरा पोरगा निवडायचात. निवडला असं मात्र कधी म्हणाला नाहीत. तुमचा शब्द ठरलेला. "धसईचा उचलला." "टोकावड्याचा उचलला." पोरांना नावं नव्हतीच आपल्या घरात, नुसती गावं होती. उचलायच्या आधी त्याला आपल्या अंगणात आणायचं, उकिडवं बसवायचं, उठवायचं, आणि तुम्ही डोळे मिटून त्याच्या गुडघ्याला कान लावायचा. आजोबा म्हसा गावच्या जत्रेत बैल असाच पारखायचे म्हणे, घाई न करता. "बैलाचे दात नि पोराचे गुडघे, खोटं बोलत नाय," असं तुम्ही म्हणायचात. गुडघा गप्प असला तर संघात जागा आणि कारखान्यात नोकरी. बोलला तर चहा पाजून परत पाठवणी. मग आलेला पोरगा कितीही चपळ असो, तुम्ही त्याच्याकडे वळून बघायचा नाहीत.

उचललेल्या पोराला त्या दिवशी आपल्याकडे जेवण असायचं. गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. पोरगं लाजत लाजत जेवायचं आणि आई त्याच्याकडे अशी बघायची की मला भीती वाटायची. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बोकडालापन आधी हळदकुंकू लावतात गो." तेव्हा मला वाटलं, हिला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय. पुढे सिद्धगडाच्या पायथ्याचा तो पोरगा आला. काय दम होता त्याचा! चढाईला गेला की सगळं मैदान श्वास रोखून धरायचं, तो एकटा सोडून. त्याचा पाय पकडीत मोडला आणि मग कारखान्यानं त्याला भट्टीवर टाकलं. त्यानंतर आपल्या घरात त्याच्या गावाचं नाव निघालं नाही. मी विचारलं तर तुम्ही केवढ्यानं ओरडलात, "मैदानातलं पोरींनी विचारायचं नाय!" मी पुन्हा विचारलं नाही. पण संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मला त्याची आठवण यायची.

आणि मग किन्हवलीचा आला. तुमचा जावई.

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी आहे. तो उकिडवा बसलाय, कानांच्या पाळ्या लाल झाल्यात. तो उठतो आणि वाळली काटकी पायाखाली यावी तसा आवाज होतो. मला दारात ऐकू आला, मग तुमचा कान तर गुडघ्यालाच होता. तुम्ही उठून धोतर झटकलंत आणि म्हणालात, "उचलला."

आत आल्यावर आईनं विचारलं, "वाजला ना ओ गुडघा?"

"वाजला."

"मंग?"

"सिद्धगडवाला गेला. औंदा चढाईला कोन हाय माझ्याकडं?" आणि हात धुता धुता, भाताचा अंदाज सांगावा इतक्या सहज म्हणालात, "दोन वर्षं निघतील."

निघाली हो, बाबा. तुमचा अंदाज कधी चुकलाय? दुसऱ्या थंडीत शहापूरच्या मैदानावर तो पडला. माइकवरचा माणूस ओरडत होता, "उचला! उचला त्याला!" चौघांनी उचलून बाहेर आणला. तुमचा शब्द त्या दिवशी मला खरा कळला. तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत, पुढचे कित्येक दिवस धड बोलला नाहीत, आणि एका सकाळी आईला सांगितलंत, "पोरगा गुनाचा हाय. घरातलाच होऊं दे." मला कुणी विचारलं? फेरे घेताना तो लंगडत होता आणि मी त्याच्या चालीनं हळू चालत होते. लोक म्हणाले, बघा, किती समजूतदार पोरगी! मी समजूतदार नव्हते. मी चिडले होते. तुमच्या कानानं केलेल्या पापाची भरपाई म्हणून मला दिलीत. नवरा चांगला निघाला, सोन्यासारखा निघाला, पण ते त्याचं पुण्य, तुमचं नव्हे. नातू चालायला लागायच्या आत तुम्ही गेलात. भांडायचं राहून गेलं.

आता तुमचा धसईवाला मुंबईच्या एका बड्या ऑफिसच्या संघासाठी पोरं निवडतो. केस पांढरे झालेत, बोलतो मात्र तुमच्यासारखाच. नातवाला त्यानं शहापूरच्या कॉलेजात खेळताना बघितलंय. उद्या सकाळी घरी येणार आहे. निरोप काय पाठवला माहितीये? "वस्तादांच्या अंगनातच बघतो त्याला." उचलला तर पक्की नोकरी. नाही उचलला तर नातवापुढे वडिलांचाच कारखाना, तोच भोंगा, पाय गेल्यावर ह्यांना दिलेली फाटकावरची तीच पहाऱ्याची खुर्ची. ह्यांनी तर दोन दिवसांपासून अंगण झाडायला घेतलंय. दुखरा पाय ओढत झाडतात आणि मध्येच थांबून हसतात. त्यांना सकाळचा आवाज ऐकू आलेला नाही. पोराला विचारलं, दुखतं का रे? तर म्हणाला, "नाय गो आई, कायतरीच तुझं."

मला माहीत आहे, मी एक शब्द बोलले तर तो वाचेल. दिवसभर तो शब्द तोंडाशी येतोय आणि मी गिळतेय. आई असती तर तिनं मला ओळखलं असतं. इतकी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आज पहिल्यांदा कळतंय की तुम्ही हात धूत होतात तेव्हा तुमच्या पोटात काय चाललं असेल. कळलं म्हणून माफ केलं असं मात्र समजू नका.

हा कागद कुठल्या पोस्टात टाकणार? टाकायचा नाहीच आहे. फक्त एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी. उद्याचं वाटण मी आजच करून ठेवलंय. तरी उद्या धसईवाला गुडघ्याला कान लावायला खाली वाकला की मी स्वयंपाकघरात मिक्सर लावणार आहे, रिकामाच. तेवढ्यात लाइट जाऊ नये, इतकंच देवाला सांगून ठेवलंय.