भोपळ्याची बॉडी आणि पहिलं ताट

१४ जुलै १९८५, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. रोज. (जानेवारीतली पाच तारखेला बंद पडली, पण तेव्हा थंडी होती.)

कारण तसंच आहे. मस्कतवाला मेहुणा श्रीकांत सुटीवर आलाय. काल मोहगावला सासुरवाडीत त्यानं दोन रिमोटच्या कार काढल्या. निळी मला, लाल धाकट्या साडूला, शालिकरामला. एकाच रिमोटनं दोन्ही पळवून दाखवल्या, बायका टाळ्या वाजवत होत्या. मग तो टेक्निकल काहीतरी सांगत बसला, दोन्हींचा नंबर एकच आहे वगैरे. मी बॉडी बघत होतो. एका मिनिटात सगळं समजलं.

सासरे बापूजी म्हणाले, ११ ऑगस्टला धोंड्याच्या जेवणाला दोघंही जावई या, अंगणात रेस लावू, जो जिंकन त्याले पहिलं ताट. सगळे हसले. मी हसलो नाही. मोठा जावई मी. दोघांची लग्नं एकाच मांडवात, अकरा वर्षं झाली. तरी पहिलं ताट शालिकरामपुढे, कारण तो सौसरच्या शाळेत मास्तर आणि मी पांढुर्ण्यात क्लार्क. बापूजी मुद्दाम करत नाहीत, चुकून होतं. अकरा वर्षं चुकून होतंय. फार लागतं मनाला.

संकल्प: जिंकणे.

२१ जुलै, रविवार.
टेस्टिंगसाठी पॅसेंजरनं तिगावला गेलो. तिथला प्लॅटफॉर्म गुळगुळीत. बायको प्रमिला म्हणत होती, घरचं अंगण काय वाईट हाये? बायकांना ट्रॅक कळत नाही.
पहिले दहा फूट उत्तम. मग मी डावीकडे वळवली, ती उजवीकडे गेली आणि रुळांवर पडली. बॉडीचे दोन तुकडे. हमाल नत्थूजीनं तुकडे वर आणून दिले आणि विचारलं, भाऊ, तुम्ही हे चालवून राहिले का फेकून राहिले? दोष गाडीत आहे. मागून हलकी, शेपूट मारते. चालवण्यात दोष नाही.

२४ जुलै.
नवी बॉडी हवी. डालड्याच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवला. मजबूत. आवाज इतका की गल्लीतली कुत्री घरात शिरली. काढला.
संत्र्याच्या पेटीची फळी लावली. दिसायला झकास. गाडी जागची हलली नाही. एकच विचार चालू: वजन.

२६ जुलै. संध्याकाळ.
ऑफिसात दिवसभर बॉडीवर चिंतन. घरी आलो तर प्रमिलेनं फळीवरचा वाळका भोपळा काढून ठेवलेला. त्यात ती वालाचं बी ठेवते. म्हणाली, हा अर्धा कापून पाहा, हलका हाये. मी सकाळपासून तेच म्हणणार होतो. कापला, हातपंपाचा उरलेला हिरवा रंग दिला. कार म्हणून ओळखू येत नाही. पण रेस रूपाची नाही.

२८ जुलै.
आज हँडलिंग. पुढच्या चाकांमागे दोन सुपाऱ्या दोऱ्यानं बांधल्या, नाक जड व्हावं म्हणून. मागच्या चाकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. आता गाडी फक्त डावीकडे वळते. काळजी नाही. मोहगावला विहिरीला वळसा घालून परत यायचं आहे, वळण डावीकडेच आहे. विहिरीला कठडा नाही, एवढंच.

४ ऑगस्ट.
विहिरीच्या जागी बादली ठेवून सराव. अकरा फेऱ्या. नऊदा बादलीवर, दोनदा प्रमिलेच्या पायावर. चिडून तिनं दोन्ही सुपाऱ्या पूजेला काढून घेतल्या. मी चहा पीत होतो तेवढ्यात तिनं एक फेरी मारली. गाडी बादलीला न शिवता परत आली. योगायोग. वारा अनुकूल होता.
तिला म्हटलं, तरबेज व्हायला वर्षं लागतात. ती बादली उचलून पाणी भरायला गेली.

८ ऑगस्ट.
सराव बंद. मोठे खेळाडू शेवटचे दिवस विश्रांती घेतात. भोपळ्यावर पांढऱ्या रंगानं १ हा आकडा काढला.

११ ऑगस्ट, रविवार. दुपार, मोहगाव.
जिंकलो! जिंकलो!
शालिकरामनं फॅक्टरीचीच बॉडी ठेवलेली, वर मोगऱ्याचा गजरा. आळशी माणूस. बापूजींनी रुमाल हलवला, मी बटणं दाबली आणि माझी गाडी अशी सुटली जशी आजवर कधी सुटली नव्हती. विहिरीपाशी सगळ्यांचा श्वास थांबला. प्रमिलेनं तर डोळेच मिटले. मी शांत. अंगठ्याचा एक झटका, आणि भोपळा काठावरून वळून लाल गाडीच्या हातभर पुढे परत. बापूजी म्हणाले, वा जावईबापू, हात हाये तुमचा! पहिलं ताट मला. पुरणाचे धोंडे अकरा खाल्ले, वर्षाला एक. शालिकरामला हँडलिंगच्या चार गोष्टी समजावल्या. वहीत लिहून घे म्हटलं, त्यानं लिहून घेतल्या.
डोळ्यांत पाणी आलं. तूप फार होतं.

१२ ऑगस्ट, सोमवार.
ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं. घरी येऊन शेजारच्यांना दाखवायला अंगणात गाडी ठेवली. बटण दाबलं. काही नाही. रिमोट उघडला. आत सेल नव्हते.
प्रमिला म्हणाली, ते टॉर्चमंदी हायेत, काल निघायच्या आधीच काढले मी.
काल निघायच्या आधी.
मग तिनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं. रिमोट एकाच नंबरचे, श्रीकांतनं त्याच दिवशी दाखवलं होतं. काल दोन्ही गाड्या शालिकरामभाऊच चालवून राहिले होते. त्यायनं फक्त सोताच्या लाल गाडीकडे पाह्यलं. आपली भोपळ्याची, हलकी, म्हणून पुढे निघाली. तुमच्या हातून ते विहिरीत गेली असती, अन् बापूजी हसले असते. मले नाई पाहावत.
मी टॉर्च उघडून सेल पाहिले. मग म्हणालो, बॉडी तरी मी निवडली होती. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. भोपळा कुणी फळीवरून काढला ते आठवलं.

रात्री पहिलं ताट तिला वाढलं. अकरा वर्षांत प्रथमच. भात डावीकडे सांडला.
पातेल्याचा दोष.