मीठ ज्या वाटेनं आलं

रॉकलिक, केंटकी
४ एप्रिल १९८९

चि. हॉलिस यास,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक, एक डेलमारचं पोट सोडून. हिवाळाभर माझा नवरा मक्याच्या कण्यांवरच आहे, पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली. डॉक्टर म्हणतात, झऱ्याचं पाणी तपासा. म्हणून कॉलेजातून मिस प्रूइट आलीय. वरच्या अंगाला तुझ्या कुरणात पाऊस गडप करणारा तो खोल खड्डा आहे ना, त्यात ती चार पोती मीठ विरघळवून ओतणार. मग जमिनीत ओळीनं लोखंडी सळ्या ठोकून वीज सोडायची. खारट पाण्यातून वीज सहज जाते म्हणे, त्यामुळे आतलं पाणी कुठे चाललंय ते रोजच्या रोज कळतं. तुझी परवानगी हवी. पोरगी गुणी आहे, तिच्यावर खेकसू नकोस.

रविवारी जेवायला येच. घरून करून आणलेल्या चहाची बरणी असेलच सोबत. माझा चहा म्हणजे भांड्यांचं धुवण, हे अकरा वर्षं ऐकतेय.

तुझी ताई,
व्हर्लीन

९ एप्रिल

ती. व्हर्लीनताईस,
शि. सा. न. वि. वि.

मीठ खुशाल ओता. पण सळ्या पूर्वेच्या उतारावर ठोकायला सांग. ते पाणी टेकडीपलीकडच्या ओढ्याला जातं, बाबांनी मला स्वतः दाखवलं होतं. तुझ्या कुरणातलं गवत उगाच तुडवू देऊ नकोस. डेलमारला म्हणावं, ताईच्या मक्याच्या पावात सोडा जास्त पडतो, त्याचं ते पोट. एकशे दहा गाई आणि माणसं दोन, म्हणून इथेच थांबतो. लोभ आहे, तो वाढव.

तुझा धाकटा,
हॉलिस

२३ एप्रिल

हॉलिस,

तुझ्या शब्दाखातर मी मिस प्रूइटला पूर्वेला पाठवलं. पाच दिवस ती चिखलात सळ्या ठोकत होती, मिठाचा मागमूस नाही. सहाव्या दिवशी तिनं मला न विचारता माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ओळ लावली. मीठ तिथे होतं. तुझ्या खड्ड्यापासून थेट आमच्या झऱ्यापर्यंत. नव्या गोठ्याचं शेणमूत त्याच खड्ड्यात सोडलंयस, हेही तिनंच सांगितलं. तरी मी तुझीच बाजू घेतली. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, भावाला नीट आठवत नसेल, म्हणाले.

काल डेलमारनं फडताळातून तू मागे कधीतरी विसरलेली चहाची बरणी काढली आणि विचारलं, हॉलिस आपल्याकडे कधी पेलाभर पाणी तरी प्यायलाय का. मी आठवत बसले. अकरा वर्षांपूर्वी तो गोठा बांधलास, तेव्हापासून एकदाही नाही. सूपसुद्धा नाही, नावं ठेवून नुसतं भाजलेलं मांस खायचास आणि आम्ही हसायचो. डेलमार पेल्यावर पेला रिचवायचा, तू समोर बसून बघायचास. फार लागलं रे. परक्यानं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

बरणी घासून झऱ्याचं पाणी भरलंय, तुझ्या टपालपेटीखाली ठेवतेय. पिऊन रिकामी कर, मग माफीचं बोल. लोभ होता, म्हणूनच कळायला अकरा वर्षं लागली.

व्हर्लीन